दुसरी वाट खरंच दुसरी आहे का? ‘लिंक फेल’चा छोटा इतिहास

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. सिंदेवाहीत मेन रोडला माझ्या मामांचं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथे होतं. त्या दिवशी एका पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि दुकानात सात-आठ जण बसले होते. मीही सुट्टीत घरी आलो होतो, म्हणून मदतीला बसलो.

दुपारी साडेतीनच्या सुमारास फायबरचं इंटरनेट गेलं. मामा शांत होते. म्हणाले, “घाबरू नका रे, आपल्याजवळ दुसरी लाइन आहे ना.” त्यांच्याकडे सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर होता, खास अशाच वेळेसाठी घेतलेला. त्यांनी तो लावला. हिरवा दिवा लागला, सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसत होत्या. पण पान काही उघडेना. कोणी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तोही तसाच. अर्ध्या तासानं समजलं, की रस्त्याच्या कामात कुठेतरी जेसीबीनं केबल तोडली. मामा म्हणाले, “दुसरी लाइन काय कामाची, दोन्ही संगंच गेल्या ना!”

रांगेत एक मुलगी होती, जंगलाकडच्या गावातून आलेली. तिला अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं होतं. आमच्या भागात याचं कारण सांगावं लागत नाही. ताडोबाला लागून असलेल्या या पट्ट्यात संध्याकाळी वाघाच्या भीतीनं रस्ते ओस पडतात. पाच वाजता ती उठली आणि गेली. लाइन रात्री आली. तिचं ते वर्ष गेलं.

माझं एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्समधलं आणि पीएच.डी. ग्रामीण नेटवर्कच्या विश्वासार्हतेवर चालू आहे. म्हणजे ‘एक लाइन बंद पडली तर दुसरी’ हा माझ्या अभ्यासाचाच विषय. तरी त्या दिवशी मामांचा प्रश्न मला नवीन वाटला. दुसरी लाइन असणं आणि ती पहिलीपासून वेगळी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक लोकांना कधी आणि कसा कळत गेला, तेच आज सांगणार आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी हा मुद्दा तुमच्या प्रबंधापर्यंत येतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून

भारतात तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली १८५४ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, २९ एप्रिल १८५८ रोजी, अहेरी भागात प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी इथल्या तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. हल्ला करणारे होते बाबूराव शेडमाके आणि त्यांचे साथीदार. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्यानं ही खबर चांद्याचे अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांना दिली. बाबूरावांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

हा प्रसंग आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वाचतो आणि तो तिथलाच आहे. पण नेटवर्कचा विद्यार्थी म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तार खात्याच्या छावणीवरच्या हल्ल्याची खबर तारेनं गेली नाही, एका माणसानं नेली. हळू होती ती वाट, पण तारेशी तिचा काहीही संबंध नव्हता. तारेचं काहीही झालं तरी ती चालू राहणार होती. ‘बॅकअप’ची सगळ्यात जुनी व्याख्या हीच म्हणता येईल. ‘वेग’ हा शब्द मी यात मुद्दाम घेतलेला नाही.

आकाशातली वाट

आता एकदम पुढच्या शतकात येऊ. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी सुरू झालं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याची ठिकाणं दिल्लीशी जोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जमिनीवरच्या तारांवर भरवसा ठेवला नाही. व्हीसॅट घेतलं. व्हीसॅट म्हणजे छतावरची छोटी थाळी, जी थेट उपग्रहाशी बोलते. १९९९ मध्ये बँकांसाठी ‘इन्फिनेट’ नावाचं नेटवर्क सुरू झालं, तेही आधी व्हीसॅटवरच. तालुक्याच्या बँकेच्या छतावर ती पांढरी थाळी तुम्हीही पाहिली असेल.

व्हीसॅटचा दोष सोपा आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि प्रश्न-उत्तर मिळून अर्धा सेकंद. त्यात जोराच्या पावसात सिग्नल क्षीण होतो. गुणही तितकाच सोपा. जेसीबी कितीही खोल खणू दे, उपग्रहापर्यंत पोहोचत नाही.

पुढे फायबर आलं. स्वस्त, वेगवान. मग बँका आणि मोठ्या कंपन्या मुख्य काम फायबरवर आणि अडचणीला व्हीसॅट, फोनलाइन किंवा दुसरी लीज्ड लाइन अशी जोडी ठेवू लागल्या. ‘लिंक फेल आहे, उद्या या’ हे वाक्य मात्र आपल्याकडे तेव्हापासून काउंटरवर ऐकू येतं. आमच्या घरी तर भाजीत मीठ नसलं तरी आजी म्हणते, “आज लिंक फेल हाय वाटते.”

मोबाइल बॅकअप कसा झाला

३१ जुलै १९९५ ला भारतात पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून दिल्लीला. बरोबर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. दोन्ही गोष्टी जवळजवळ जुळ्या, पण त्यांची नीट गाठ पडायला बरीच वर्षं गेली. जीपीआरएस आलं तेव्हा मोबाइलवरून डेटा जाऊ लागला, पण वेग इतका कमी, की कार्ड स्वाइप मशीनच्या दोन-चार ओळी जेमतेम जायच्या. तरी दुकानदाराला तेवढं पुरत होतं. ‘मुख्य लाइन गेली तरी पैसे घेता आले पाहिजेत’ ही गरज त्या दोन-चार ओळींत भागायची.

त्यानंतर बीएसएनएलचं थ्रीजी २००९ मध्ये, कोलकात्यातलं पहिलं फोरजी २०१२ मध्ये, आणि २०१६ मध्ये तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या: यूपीआय, जिओ आणि नोटाबंदी. छोट्या दुकानाचा गल्लासुद्धा इंटरनेटला बांधला गेला तो तेव्हापासून. आधी बॅकअप ही बँकेची चैन होती, आता ती सेवा केंद्राची, राइस मिलची, औषधाच्या दुकानाची गरज झाली. आणि सगळ्यात सोपा बॅकअप म्हणजे सिमकार्ड.

आता हे चालतं कसं, तेही बघू. राउटरला दोन वाटा दिलेल्या असतात. तो दर काही सेकंदांनी मुख्य वाटेनं बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारतो. सलग काही हाकांना उत्तर आलं नाही, तर ती वाट मेली असं समजून तो सगळी रहदारी सिमवर वळवतो. याला फेलओव्हर म्हणतात. उत्तरं पुन्हा येऊ लागली की परत मुख्य वाटेवर.

यात दोन खाचा आहेत. पहिली: राउटर हाक कोणाला मारतो? जवळच्याच एक्स्चेंजला मारत असेल आणि तोड त्याच्या पुढे असेल, तर उत्तर येत राहतं आणि राउटरला वाटतं सगळं ठीक आहे. दुसरी: सिमवर गेल्यावर तुमचा आयपी पत्ता बदलतो. त्यामुळे अर्धा भरलेला फॉर्म लॉगआउट होऊ शकतो, पैसे भरायचं पान अडकू शकतं. म्हणून फेलओव्हर झालं की पैसे पुन्हा भरण्याआधी खात्यातून कापले गेले का ते बघा. हे मी अनुभवानं सांगतोय.

सिग्नलच्या काड्या काय सांगत नाहीत

आता त्या दुपारकडे परत येऊ. काड्या पूर्ण होत्या, मग पान का उघडलं नाही?

आपल्याला वाटतं मोबाइलचं इंटरनेट हवेतून येतं. हवेतून येतो तो फक्त शेवटचा टप्पा, टॉवरपासून तुमच्यापर्यंतचा. टॉवरच्या मागे पुढच्या केंद्राकडे जाणारी वाट असते, तिला बॅकहॉल म्हणतात. ती फायबरची असते, मायक्रोवेव्हची असते किंवा क्वचित उपग्रहाची. सिग्नलच्या काड्या फक्त टॉवर जवळ आहे एवढंच सांगतात, त्याच्या मागच्या वाटेबद्दल काहीच नाही. टॉवरचं फायबर आणि मामांच्या दुकानाचं फायबर एकाच रस्त्याच्या कडेनं, एकाच चरातून जात असेल, तर जेसीबीच्या एका घासात दोन्ही जातात. आमचं तेच झालं. दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊनही खात्री नसते, कारण अनेक कंपन्या एकाच टॉवरवर भाड्यानं बसतात आणि एकमेकींचं फायबरही वापरतात.

आणि विजेचं काय? टॉवरला बॅटरी असते, डिझेल जनरेटर असतो, पण दोन्ही किती तास चालणार याला मर्यादा असते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लँडलाइनबरोबर मोबाइलही बंद पडले होते. शहरातल्या लोकांना त्या दिवशी कळलं, की संकटात दोन वेगळ्या सेवा एकाच पाण्यात बुडतात.

जगानं हाच धडा तीनदा गिरवला

८ मे १९८८. अमेरिकेत शिकागोजवळ हिन्सडेल नावाचं उपनगर. तिथल्या टेलिफोन केंद्राला आग लागली. सुमारे ३५,००० स्थानिक ग्राहकांचे फोन तर गेलेच, पण त्या केंद्रातून इतरही अनेक वाटा जात होत्या. लांब पल्ल्याचे कॉल, सेल्युलर फोन, विमानतळांच्या लाइनी, सगळ्यांना फटका बसला. अनेक व्यवसायांनी पैसे मोजून दोन लाइनी घेतल्या होत्या. दोन्ही एकाच इमारतीतून जातात हे त्यांना आगीनंतर समजलं.

३० जानेवारी २००८. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखाली दोन केबल तुटल्या, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या, दोन्ही वेगळ्या मालकीच्या. भारताची युरोपकडची बरीच क्षमता एका दिवसात गेली आणि रहदारी पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवावी लागली. कागदावर दोन केबल, पण समुद्रतळाचा पट्टा एकच.

८ जुलै २०२२. कॅनडात रॉजर्स कंपनीच्या मध्यवर्ती नेटवर्कमध्ये एक बदल करताना चूक झाली आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. घरचं इंटरनेट आणि मोबाइल दोन्ही, कारण दोन्हींचा गाभा एकच होता. देशभरातले इंटरॅक डेबिट व्यवहार थांबले. दुरुस्ती करणाऱ्यांना लागणारं व्यवस्थापनाचं नेटवर्कसुद्धा त्याच गाभ्यावर अवलंबून होतं. घर रॉजर्सचं, मोबाइलही रॉजर्सचा आणि त्यालाच ‘बॅकअप’ समजणारे लोक त्या दिवशी रोख पैशांच्या रांगेत उभे होते.

इमारत, समुद्रतळ आणि सॉफ्टवेअर. तीनही वेळा सामाईक गोष्ट वेगळी होती. म्हणून ‘तार वेगळी आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही.

थोडं गणित

समजा, एक लाइन वर्षातले ५ टक्के तास बंद असते. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ४३८ तास बंद. दुसरी लाइनही तशीच. दोन्ही एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०५ × ०.०५ म्हणजे ०.००२५. वर्षात सुमारे २२ तास. ४३८ वरून २२! म्हणून विक्रेता तुम्हाला हेच गणित दाखवतो.

आता गृहीत धरा, की त्या ४३८ तासांपैकी १०० तास सामाईक कारणामुळे आहेत. तोच चर, तोच टॉवर, तीच वीज. मग हे १०० तास दोन्ही लाइनी बंदच. उरलेल्या ३३८ तासांचा गुणाकार केला तर आणखी सुमारे १३ तास येतात. एकूण ११३. तिसरं सिम घ्या, चौथं घ्या, त्याच चरातून जाणारं असेल तर १०० च्या खाली जाणार नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण तर्क खरा आहे. अणुभट्ट्यांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी याला सामाईक-कारण बिघाड असं नाव दिलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात हवा कुठून गळते हे बघायला मेणबत्ती धरली, तिनं पेट घेतला आणि एकमेकींना पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणांच्या केबल एकत्रच जळाल्या. तेव्हापासून ‘दोन आहेत’ याऐवजी ‘दोघांत सामाईक काय आहे’ हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला.

आपल्या शेजारी गडचिरोलीत याची दुसरी बाजू दिसते. नक्षलग्रस्त भागांसाठी सरकारनं देशभर टॉवर उभारले. त्यातल्या २,३४३ ठिकाणांना टूजीवरून फोरजीवर नेण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला, खर्च १,८८४.५९ कोटी रुपये. घनदाट जंगलात जिथे फायबर न्यायचं कठीण, तिथे उपग्रहाचा बॅकहॉल आणि सौरऊर्जा हा मार्ग उरतो. तिथलं इंटरनेट हळू असतं म्हणून आपण नावं ठेवतो. पण रस्त्याकडेचा चर तुटला तरी ते चालू राहू शकतं. हळू वाट आणि वेगळी वाट यांत निवड करायची असेल, तर बॅकअपसाठी मी वेगळी वाट घेईन.

तुमच्यासाठी

मामांच्या दुकानात आम्ही नंतर काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. एक वही ठेवली. लाइन कधी गेली, सिम तेव्हा चालू होतं का, वीज होती का, एवढेच तीन रकाने. काही महिन्यांत स्पष्ट दिसलं, की कुठलं सिम फायबरबरोबर जातं आणि कुठलं नाही. मग दुकानात ते दुसरं सिम ठेवलं. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावला, कारण बऱ्याचदा लाइन नव्हे, दुकानातली वीजच गेलेली असायची. आणि महिन्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, मामा फायबरची वायर स्वतः उपसून बघतात. कधीच तपासला नाही तो बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.

आता प्रबंधाकडे. तुम्ही लिहाल, ‘हा निष्कर्ष दोन स्वतंत्र स्रोतांनी सिद्ध होतो.’ थांबा आणि विचारा: ते दोन्ही लेख एकाच मूळ आकडेवारीवर तर उभे नाहीत? तुमचे तीन नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या द्रावणानं तपासले असतील, तर ते तीन नमुने आहेत की एकच, तीनदा मोजलेला? दोन परीक्षकांनी गुण दिले, पण दोघांना सूचना एकाच माणसानं दिल्या, तर त्यांचं एकमत कितपत स्वतंत्र? मार्गदर्शकांनी मला पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं आणि मला राग आला होता. चर कुठे सामाईक आहे ते शोधणं हेच संशोधनातलं निम्मं काम आहे. डेटाची प्रत लॅपटॉपवर आणि त्याच पिशवीतल्या पेनड्राइव्हवर ठेवत असाल, तर हा परिच्छेद परत वाचा.

ती मुलगी पुढच्या वर्षी आली. अर्ज सुरू झाला त्याच आठवड्यात, सकाळी दहाला. फॉर्म भरून झाला तरी ती उठेना. मामांनी पोचपावती छापून हातात दिली, तेव्हा उठली. मामांनी आता काउंटरच्या वर पाटी लावली आहे: ‘शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.’ खाली पेनानं लिहिलंय, ‘दोन लाइनी आहेत, तरी.’

पुढच्या लेखात बघू, वहीतल्या त्या तीन रकान्यांवरून दोन लाइनींचा सहसंबंध कसा काढायचा. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.